शेतातील विजेचे जोड : करावे कसे, तपासावे कसे



या पानावर एरवी आम्ही बेणे, लागण, खोडवा, खतांचे हप्ते याविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. आज आपण तारांच्या जोडांविषयी बोलू. ऊस विकास विभागाने विजेत कशाला तोंड घालावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण आधी सांगतो.

आमच्या एका गटात तोडणीला आलेला दीड एकर खोडवा भर दुपारी पेटला. वर महावितरणची तार नव्हती, शेजारी कोणी पाचट पेटवलेले नव्हते. विझल्यावर पाहणी केली तेव्हा बांधालगत मोटारीच्या केबलचा एक जोड सापडला. तारा हाताने पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पट्टी जळून गेली होती, तांबे काळे पडून गोळा झाले होते आणि हा जोड नेमका कोरड्या पाचटावर पडलेला होता. त्या सभासदाने आम्हाला एकच प्रश्न विचारला : "साहेब, फ्यूज तर गेलाच नाही. मग आग लागली कशी?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. शिवाय यात आमचीही जबाबदारी आहे. पाचट जाळू नका, सरीत पसरा, कुजवा, जमिनीचा कस टिकवा, हे आम्हीच वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. ते बरोबरच आहे आणि पुढेही सांगणार आहोत. पण पाचट शेतात ठेवले म्हणजे वाळलेले जळण शेतात ठेवले, हेही खरे. तेव्हा पाचट ठेवा हे सांगणाऱ्याने जोड नीट करा हेही सांगितले पाहिजे. जळीत उसाचे नुकसान आपणा सर्वांना ठाऊक आहे. वजन घटते, साखर उतरते, ऊस तातडीने गाळावा लागतो, तोडणीची पाळी मोडते आणि वर कपात बसते ती वेगळीच.

आता शेतात तीन प्रकारची वीज आहे

पूर्वी मळ्यात विजेचे काम म्हणजे विहिरीवरची मोटार, स्टार्टर आणि एक दिवा. आता तसे राहिलेले नाही. २०१९ मध्ये केंद्राची कुसुम योजना आली, २०२४ मध्ये राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. जमिनीप्रमाणे ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचे सौर पंप बांधावर उभे राहू लागले. ठिबकला आपोआप चालू-बंद होणारे व्हॉल्व्ह आले. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग करून दाखविल्यापासून जमिनीतील ओल मोजणारे सेन्सर आणि शेतातले छोटे हवामान केंद्र यांचीही चौकशी आमच्याकडे होऊ लागली आहे. या पेट्या उघडून पाहिल्या तर आत एक लहानसा संगणकच असतो.

म्हणजे आज एकाच बांधावर तीन प्रकारची वीज नांदते :

पहिली, महावितरणची थ्री फेज, ४१५ व्होल्ट. ही सगळ्यांना माहीत आहे आणि हिला सगळे भितात.

दुसरी, सौर पॅनेलची. ही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. पॅनेल एकामागोमाग एक जोडले की व्होल्टेजची बेरीज होते. एका मोठ्या पॅनेलचे उघडे व्होल्टेज पन्नासच्या जवळ असते. असे दहा जोडले की पाचशेच्या घरात गेले. हिला लोक भीत नाहीत, कारण खांब नाही, मीटर नाही. पण ही तितकीच जीवघेणी आहे.

तिसरी, बॅटरीची १२ व्होल्ट. सेन्सरची पेटी, कंट्रोलर, फवारणी पंप, गोठ्यातला दिवा यांना ही लागते. हिचा कोरड्या हाताला झटका बसत नाही, म्हणून हिला कोणी मोजतच नाही. पण बॅटरीची दोन टोके पान्याने जरी चुकून जोडली गेली तरी क्षणात शेकडो अँपिअर करंट वाहतो, पाना लाल होतो, तारेचे आवरण पेटते. झटका नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. १२ व्होल्टने माणूस सहसा दगावत नाही, पण रान पेटू शकते.

फ्यूज गेला नाही, तरी आग का लागली?

तारेतून करंट जाताना जिथे अडथळा होतो तिथे उष्णता तयार होते. या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. किती उष्णता, याचा हिशेब सोपा आहे : करंटचा वर्ग गुणिले रोध.

पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटार साधारण ८ अँपिअर घेते. ढिल्या जोडात समजा एक दशांश ओहम रोध आला. आठ गुणिले आठ चौसष्ट, त्याचा दशांश म्हणजे सुमारे साडेसहा वॅट. आकडा लहान वाटतो, पण ही उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत, पट्टीच्या आत, तासन् तास कोंडते. तांबे काळे पडते, त्यामुळे रोध आणखी वाढतो, मग उष्णताही वाढते. पट्टी वितळते, जोड ठिणग्या टाकू लागतो.

हाच जोड १२ व्होल्टच्या तारेत असेल आणि त्यातून २० अँपिअर जात असतील तर वीस गुणिले वीस चारशे, त्याचा दशांश ४० वॅट. सोल्डर करायची लहान इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे अशा जोडात एकीपेक्षा जास्त इस्त्रीची आच आहे.

आता फ्यूजचे काय? फ्यूज फक्त जादा करंट ओळखतो. ढिल्या जोडाने करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. मोटार फिरते आहे, पाणी येते आहे, फ्यूज शाबूत आहे आणि जोड मात्र जळतो आहे. फ्यूजने, एमसीबीने वा स्टार्टरने त्या सभासदाला वाचवले नाही, कारण ते त्यांचे कामच नव्हते. ढिल्या जोडावर उपाय एकच : जोड मुळात चांगला करणे आणि अधूनमधून तपासणे.

तार किती जाड घ्यावी

कंट्रोलर सारखा बंद पडतो, पेटी खराब आली, अशा तक्रारी येतात. जाऊन पाहिले तर पुष्कळदा पेटी चांगली असते, तार बारीक असते.

उदाहरण घेऊ. बॅटरी विहिरीजवळच्या खोलीत आहे आणि पेटी ६० मीटरवर उसात. तार आपण दुकानात 'दीड एमएम' म्हणून मागतो ती. पेटी चालू होताना ३ अँपिअर घेते. दीड एमएम तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. करंट जातो आणि परत येतो, म्हणून अंतर ६० नव्हे, १२० मीटर धरायचे. रोध झाला सुमारे १.४५ ओहम. त्याला ३ ने गुणले की ४.३ व्होल्ट. म्हणजे बॅटरीतून १२ व्होल्ट निघाले आणि पेटीला पोचले पावणेआठच्या आसपास. मग पेटी बंद पडणार नाही तर काय?

चार एमएमची तार घेतली तर घट साधारण पावणेदोन व्होल्टवर येते. पण सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बॅटरी आणि लहान पॅनेल पेटीशेजारीच खांबावर बसवणे. अंतर पाच मीटर झाले की दीड एमएमच्या तारेतही घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. कमी व्होल्टेजची वीज लांब नेऊ नये, हा नियम ध्यानात ठेवावा.

रंगावर आणि आकारावर विश्वास ठेवू नका

येथे आमचीच एक चूक सांगतो. एका गट कार्यालयातील संगणक बंद पडला. आतली पॉवर सप्लायची पेटी गेली होती. नवी पेटी दुसऱ्या कंपनीची आणली. जुन्या तारा आधीच आत ओवलेल्या होत्या आणि त्यांचे कनेक्टर नव्या पेटीत बरोबर बसत होते. बसले म्हणजे जुळले, असे आम्ही धरून चाललो. बटण दाबले आणि ऊस नोंदीची डिस्क जळाली. नोंदवहीवरून सगळ्या लागणी पुन्हा चढवाव्या लागल्या. चिटबॉयपासून आमच्यापर्यंत सर्वांच्या आठ रात्री त्यात गेल्या.

कारण नंतर कळले. अशा तारेचे डिस्कच्या बाजूचे टोक सगळ्या कंपन्यांत सारखे असते, पण पॉवर सप्लायच्या बाजूचे टोक प्रत्येक कंपनी आपल्या मनाने मांडते. कनेक्टरचा आकार तोच, आतल्या पिनांची मांडणी वेगळी. जिथे ५ व्होल्ट जायला हवे तिथे १२ गेले. दोन मिनिटे मीटर लावून पाहिले असते तर हे सगळे टळले असते.

रंगाचेही तसेच. आपल्या स्टार्टरमध्ये लाल तार म्हणजे ४१५ व्होल्टचा एक फेज. बॅटरीवर लाल म्हणजे धन टोक. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये लाल म्हणजे ५ व्होल्ट, पिवळी म्हणजे १२ व्होल्ट आणि काळी म्हणजे शून्य. त्यातही हल्ली पुष्कळ पेट्यांच्या सगळ्याच तारा काळ्या येतात. एकच लाल रंग आणि तीन अर्थ. शिवाय मागच्या वायरमनने त्या दिवशी हाताशी होती ती तार ओढलेली असू शकते. म्हणून रंग पाहून नव्हे, मीटर लावून जोडावे. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. एका जळालेल्या पेटीपेक्षा तो केव्हाही स्वस्त.

कनेक्टर निवडताना तीन नियम पाळावेत.

एक, जिकडून वीज येते त्या बाजूला नेहमी खोबणीचा भाग बसवावा आणि जिकडे वीज जाते तिकडे पिनांचा. म्हणजे कनेक्टर सुटला तरी उघड्या पिनांत वीज नसते. घरचा बोर्ड आणि इस्त्रीची पिन अशीच असते. जनरेटरवरून घरात लाईट घेण्यासाठी काही जण दोन्ही टोकांना पिना असलेली केबल करतात. एक टोक बोर्डात असताना दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्या आणि जिवंत असतात. अशी केबल कोणाकडे असेल तर आजच कापून टाका.

दोन, १२ व्होल्टच्या वस्तूला घरगुती टू-पिन किंवा थ्री-पिन कधीही लावू नये. आपल्याला माहीत असते, पण उद्या घरातले पोर तीच पिन २३० व्होल्टच्या बोर्डात घालते. वेगळ्या व्होल्टेजला वेगळ्या आकाराचा कनेक्टर असलाच पाहिजे.

तीन, उलटा बसू शकेल असा कनेक्टर वापरू नये. धन आणि ऋण टोकांची अदलाबदल झाली की इलेक्ट्रॉनिक पेटी क्षणात जाते, दुसरी संधी मिळत नाही.

चांगला जोड कसा करावा

प्रथम वीज पूर्ण बंद करावी आणि मीटरने बंद असल्याची खात्री करावी. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावेत, म्हणजे दुसरा कोणी येऊन चालू करणार नाही. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढावे.

तारेचे आवरण लग किंवा पिनेच्या नळीच्या लांबीइतकेच सोलावे. जास्त सोलले तर तांबे उघडे राहते, कमी सोलले तर आवरणच नळीत दाबले जाते. दाताने किंवा कोयत्याने सोलू नये, पातळ तारा तुटतात. तार जाड आहे म्हणून भोकात बसत नाही, तेव्हा काही जण चार-सहा बारीक तारा छाटून टाकतात. असे केल्याने तार तेवढ्या जागी बारीक होते आणि नेमकी तिथेच तापते. मोठा लग आणावा, तार छाटू नये.

सोललेले टोक नळीत पूर्ण घालून मापाच्या पंचिंगच्या पकडीने दाबावे. साध्या पकडीने चेपलेला लग वरून घट्ट दिसतो, आत पोकळ राहतो. दाबल्यावर हाताने चांगला ओढून पाहावा. जो जोड हातात सुटतो तो शेतात सुटणारच होता, असे समजून पुन्हा करावा.

स्क्रूखाली घालायच्या तारेच्या टोकाला सोल्डर लावू नये. सोल्डर मऊ असते, दाबाखाली हळूहळू पसरते आणि काही महिन्यांत स्क्रू ढिला पडतो. तिथे लग किंवा नळीची टोपी लावावी. तसेच ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला थेट पिळू नये. ओल लागली की दोन धातूंमध्ये गंज चढतो. त्यासाठी दोन धातूंचे खास लग मिळतात.

जोडावर आक्रसणारी नळी चढवून गरम करावी, नुसती चिकटपट्टी पुरेशी नाही. ठिबकच्या व्हॉल्व्हच्या बारीक तारांसाठी आत जेल भरलेल्या टोप्या मिळतात. जमिनीलगतच्या ओलीत त्याच वापराव्यात.

शक्यतो जोड जमिनीत पुरूच नये. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. गोदावरी, प्रवरा, मुळा काठच्या सभासदांना हे सांगायला नको. पुरलेली केबल त्या भेगेबरोबर ओढली जाते आणि ताण जोडावर येतो. म्हणून केबल पाइपमधून न्यावी, थोडी सैल सोडावी आणि जोड खांबावर, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, झाकणाच्या पेटीत घ्यावा. पाइपमुळे उंदरांपासून आणि तोडणीच्या कोयत्यापासूनही बचाव होतो. पेटीखालचे पाचट हात-दोन हात बाजूला सारून जागा मोकळी ठेवावी.

फ्यूज कुठे आणि किती

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज असलाच पाहिजे. तो पेटीजवळ लावला तर मधली सगळी तार उघड्यावर राहिली. फ्यूज पेटीसाठी नसतो, तारेसाठी असतो. दीड एमएमच्या तारेला १० अँपिअरपेक्षा, अडीचला १५ पेक्षा मोठा फ्यूज लावू नये. पेटी कमी करंट घेत असेल तर फ्यूजही त्या मानाने लहान लावावा. फ्यूज सारखा जातो म्हणून जाड तार गुंडाळणे म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देणे होय.

बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडवावे, मग धन. लावताना आधी धन, मग ऋण. सौर चार्जरला आधी बॅटरी जोडावी, नंतर पॅनेल. काढताना आधी पॅनेल, नंतर बॅटरी.

सौर पंपाचे जोड

पॅनेलचा स्विच आपल्या हातात नाही, तो सूर्याच्या हातात आहे. कंट्रोलर बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या तारा जिवंतच असतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ठिणगी. महावितरणची वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसी कधी शून्यावर येतच नाही. पंप चालू असताना पॅनेलचा कनेक्टर ओढला तर ठिणगी विझत नाही, ज्योत होऊन लांबते आणि हात, चेहरा भाजतो. म्हणून आधी पंप बंद करावा, मग डीसीचा आयसोलेटर पाडावा आणि मगच हात लावावा. डीसीच्या जागी घरगुती एसीचा एमसीबी लावू नये, तो ही ठिणगी तोडू शकेलच असे नाही.

पॅनेलच्या तारांना जे टिचकी वाजून बसणारे कनेक्टर असतात त्यांना एमसी-फोर म्हणतात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात, पण माप केसभर वेगळे असते, आत पोकळी राहते आणि जोड तापतो. दोन्ही भाग एकाच कंपनीचे, एकाच जातीचे असावेत. तार उंदराने कुरतडली तर पिळून पट्टी मारू नये.

योजनेतील सौर पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा असतो. त्या मुदतीत आपण तार कापली तर पुरवठादाराला बोट दाखवायला जागा मिळते. तक्रार नोंदवावी आणि त्यांच्याच माणसाकडून काम करून घ्यावे. कंट्रोलर बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे वीज साठून राहते, म्हणून झाकण उघडण्याची घाई कोणीच करू नये. हीच गोष्ट संगणकाच्या पॉवर सप्लायच्या पेटीची. तिच्या बाहेरच्या तारा तपासाव्यात, पण पेटी खोलू नये.

पाणबुडी मोटारीची केबल

बोअरमध्ये सोडायच्या केबलचे तीन जोड एकाच ठिकाणी घेऊ नयेत. प्रत्येक तार वेगळ्या लांबीवर कापावी, म्हणजे जोड खालीवर येतात आणि एकमेकांना भिडत नाहीत. आधी तांबे दाबून पक्के करावे, त्यावर रबरी पट्टी ओढून गुंडाळावी आणि तिच्यावर साधी पट्टी. मोटार खाली सोडण्यापूर्वी जोड पाण्याच्या बादलीत बुडवून ५०० व्होल्टच्या मेगरने तार आणि पाणी यांमधले माप घ्यावे. ते एक मेगओहमच्या खाली आले तर जोड पुन्हा करावा. मोटार वर काढण्याचा खर्च ज्याने एकदा केला आहे, त्याला बादलीची ही दहा मिनिटे जड वाटणार नाहीत.

अर्थिंगविषयी थोडेसे. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात ओल खाली जाते आणि अर्थिंग निकामी होते. मार्चपासून खड्ड्यात पाणी घालत जावे. घरच्या आणि मळ्यातल्या खोलीच्या सिंगल फेज वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा गळती-स्विच, ज्याला आरसीसीबी म्हणतात, तो बसवून घ्यावा. गळती सुरू होताच हा स्विच वीज तोडतो आणि जीव वाचवतो.

काय करावे आणि काय करू नये

१२ व्होल्टचे जोड, फ्यूज, ठिबकच्या व्हॉल्व्हच्या तारा ही कामे या लेखाप्रमाणे सावकाश केली तर शिकलेला मुलगा किंवा मुलगी घरी करू शकते. ४१५ व्होल्टचे आणि सौर पॅनेलचे काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. आपण शेजारी उभे राहून वर सांगितलेल्या गोष्टी तो करतो का, हे पाहावे. लग दाबलेत का, ओढून पाहिले का, मेगर लावला का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी कामात फरक पडतो. खांबावर, डीपीवर कोणीही चढू नये. ओल्या पायांनी, रात्री, एकट्याने स्टार्टर उघडू नये. पाणी चुकेल म्हणून घाई होते हे आम्ही जाणतो. पण पाण्याची पाळी चुकली तर पुन्हा येते, माणूस पुन्हा येत नाही.

तोडणीपूर्वीची तपासणी

टोळी फडात येण्याच्या आठ दिवस आधी प्रत्येकाने एक फेरी मारावी :

१. विहिरीपासून शेवटच्या पेटीपर्यंत केबल पायी चालत पाहावी. उघडे तांबे, कुरतडलेली जागा, पाचटाखाली गेलेला जोड दिसला की तिथे काठी रोवून खूण करावी.

२. मोटार अर्धा तास चालवून बंद करावी, मेन स्विच पाडावा, फ्यूज काढावेत आणि मीटरने वीज नसल्याची खात्री करून प्रत्येक जोडाच्या आवरणाला हात लावून पाहावा. तार थंड आणि जोड गरम असेल तर तो जोड बदलायचा. चालू विजेवर हात लावून पाहणे म्हणजे जिवाशी खेळ.

३. आवरणाचा रंग बदललेला, जळका वास, हिरवा गंज, यांपैकी काहीही दिसले तरी जोड बदलावा. वरून दुसरी पट्टी मारू नये.

४. स्टार्टर आणि पेट्यांमधले सर्व स्क्रू वीज बंद ठेवून वायरमनकडून आवळून घ्यावेत.

५. केबल कुठून गेली आहे, हे टोळीच्या मुकादमाला प्रत्यक्ष चालत दाखवावे. कोयता मारणाऱ्याला पाचटाखालची तार दिसत नाही. तोडणी चालू असेपर्यंत त्या फडातील केबलची वीज बंद ठेवावी.

सुरुवातीला ज्या सभासदाची हकीगत सांगितली, त्यांनी पुढच्या खोडव्याआधी केबलचे सगळे जोड बदलून खांबावर पेटीत घेतले. लग, पेट्या, पाइप आणि मजुरी धरून आलेला खर्च जळीत उसाच्या कपातीपेक्षा कितीतरी कमी होता, असे त्यांनी स्वतः आम्हाला सांगितले. आणि त्या खोडव्यात पाचट त्यांनी पुन्हा ठेवले आहे. आमच्या दृष्टीने ही सर्वांत समाधानाची गोष्ट.

तेव्हा बंधू-भगिनींनो, या हंगामाआधी आपल्या शेतातला एक तरी जुना जोड उघडून पाहा. आत काळे पडलेले तांबे दिसले तर बाकीचे जोड पाहायला कोणी सांगावे लागणार नाही.

— ऊस विकास अधिकारी